मागच्या चाकांचा प्रश्न

घरी मोटार बांधायला घेतली आहे हे कळल्यावर ओळखीची माणसे सहसा दोनच गोष्टी विचारतात: इंजिन कुठले टाकणार आणि अ‍ॅव्हरेज किती देणार. मागचे सस्पेन्शन कोणते ठेवणार, हे अभियांत्रिकीला असलेला माझा भाचा आणि नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत जॉबवर्क करणारे आमचे वेल्डिंगचे मिस्त्री यांच्याखेरीज कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. इंजिनाचा निर्णय फारशी डोकेफोड न करता झाला होता. मागच्या दोन चाकांनी मात्र अख्खा पावसाळा घेतला, आणि त्या काळात पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या शेडमध्ये लोखंड कमी कापले गेले आणि कागद जास्त खर्ची पडला.

गाडीचा आराखडा सांगितल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. दोन आसने, डोक्यावर छप्पर नाही, चौकोनी पोलादी नळ्यांची चौकट, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली लोटस सेव्हन आणली, तेव्हापासून घरी गाडी बांधणाऱ्यांनी जगभर हाच कित्ता गिरवला आहे. माझ्या गाडीचे रिकामे वजन ५५० किलोच्या आत राहावे असा प्रयत्न आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर २,२५० मिलिमीटर आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स जुन्या मारुती ईकोचे, म्हणजे चार सिलिंडरचे, १,१९६ सीसीचे, ७३ अश्वशक्तीचे. ही गाडी रस्त्यावर फिरवण्याचा माझा विचार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे नव्या वाहनाचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून मंजूर व्हावा लागतो, आणि एकाच गाडीसाठी तो खटाटोप माझ्या ऐपतीबाहेरचा आहे. गाडी ट्रेलरवर चढवून ट्रॅकवर न्यायची, आणि एरवी दिंडोरीकडे एका मित्राच्या द्राक्षबागेतल्या लांब, खासगी, अर्धवट डांबरी रस्त्यावर चालवायची, एवढीच महत्त्वाकांक्षा आहे. तो बागेतला रस्ता मुद्दाम सांगितला, कारण निवड करताना त्याचे मत बरेच वजनदार ठरले.

पुढची चाके मागच्यांपेक्षा सोपी का वाटतात, याचा मी बराच विचार केला. पुढच्या चाकांची चूक चालवणाऱ्याच्या हाताला कळते. स्टिअरिंग ओढते, थरथरते, सरळ रस्त्यावर सतत थोडे धरून ठेवावे लागते, आणि नकळत आपण ती दुरुस्त करत राहतो. मागच्या चाकांवर कोणाचाही हात नसतो. एखादे मागचे चाक खड्ड्यात उतरताना अर्धा अंश जरी बाहेर वळले, तरी गाडीला मागून कोणी तरी वेगळी दिशा दिल्यासारखे होते आणि ते आपल्याला कळते तोवर गाडी तिकडे निघालेली असते. त्यात मागच्या चाकांना वजन पेलायचे आहे, इंजिनाचा जोर जमिनीत उतरवायचा आहे आणि ब्रेकचा उलटा जोरही सोसायचा आहे. हे सगळे करताना त्यांनी आपली दिशा सोडू नये, ही मूळ अट आहे. गाडीने आरामात उड्या झेलाव्यात ही त्यानंतरची. सस्पेन्शन या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर स्प्रिंग येते, पण स्प्रिंग हा या प्रकरणातला सर्वांत सहज बदलता येणारा भाग आहे. खरा प्रश्न चाकाला कोणत्या दांड्यांनी, कुठे आणि किती अचूक धरायचे हा आहे.

भाच्याचे मत पहिल्या दिवसापासून ठाम होते. त्याच्या महाविद्यालयाचा संघ पिथमपूरच्या बाहा स्पर्धेची गाडी बांधतो, त्यामुळे त्याला प्रत्येक चाक स्वतंत्र हवे होते आणि प्रत्येक चाकाला वरखाली दोन त्रिकोणी भुजा, म्हणजे डबल विशबोन, हव्या होत्या. ‘मामा, आजच्या काळात सलग अ‍ॅक्सल कोण टाकतं? तो टेम्पोला ठीक आहे,’ असे तो म्हणाला. सलग अ‍ॅक्सल म्हणजे दोन्ही मागची चाके एकाच ताठ नळीने जोडलेली. कागदावर त्याचे म्हणणे बिनतोड होते. वरची भुजा खालचीपेक्षा आखूड ठेवली की गाडी वळणावर कलली तरी बाहेरचे चाक रस्त्याशी जवळजवळ काटकोनात राहते. दोन्ही भुजा सारख्या लांबीच्या आणि समांतर ठेवल्या, तर गाडी तीन अंश कलली की चाकही तीन अंश बाहेर कलते. भुजांची लांबी आणि खिळीच्या जागा आपल्या हातात असल्याने ज्याभोवती गाडी कलते तो मध्यबिंदू हवा तिथे ठेवता येतो. डिफरन्शिअल, म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही चाकांत वाटणारी गिअरची पेटी, चौकटीला बांधलेले असल्याने चाकाबरोबर उडणारे वजनही कमी होते. जगातल्या बहुतेक शर्यतीच्या गाड्या अशाच आहेत, आणि त्या गाड्या बांधणारे काही खुळे नाहीत.

मी ती रचना एक-एक मिलिमीटर बदलून कागदावर काढून पाहिली. प्रत्येक बाजूला वरच्या भुजेच्या दोन खिळी चौकटीवर, खालच्या भुजेच्या दोन, आणि चाकाची दिशा धरणाऱ्या दांड्याची एक; म्हणजे बाजूला पाच, दोन्ही मिळून दहा जागा, आणि त्या एकमेकींशी त्रिमितीत जुळायला हव्यात. त्याशिवाय चाकाचा हब धरणारा अपराइट आपणच बनवायचा, कारण या वजनाच्या, मागून चालणाऱ्या गाडीचा तयार अपराइट आपल्या बाजारात सहज मिळत नाही. माझ्याकडे सपाट जमीन म्हणावी असे एक जिग टेबल आहे, तेही मोठ्या चॅनलचे आणि पाणसळीने सारखे केलेले. त्याच्यावर टॅक, म्हणजे वेल्डचे तात्पुरते टाके, मारेपर्यंत सगळे कसे छान बसते. मग पूर्ण वेल्ड भरले की नळी ओढली जाते आणि ब्रॅकेट मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकतो. मिस्त्री या कामात मुरलेले आहेत. आधी कुठे टाका घालायचा, कुठे थंड होऊ द्यायचे, उलट्या बाजूने किती ओढून ठेवायचे, हे त्यांना न मोजता कळते. तरीही त्यांनी माझा कागद पाहून एकच विचारले: ‘भाऊ, हे दहाच्या दहा बरोबर बसले हे आपण तपासणार कशाने?’

या प्रश्नाने माझी विचारांची दिशा बदलली. भाच्याच्या संघाला महाविद्यालयाची कार्यशाळा आहे, लेझरने कापून आलेले भाग आहेत, आणि दर वर्षी नव्या गाडीत जुन्या चुका सुधारण्याची मुभा आहे. माझ्याकडे ओळंबा, गुण्या, दोरी, चांगली पट्टी आणि गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आहे. या साधनांनी जी चूक दिसते आणि बोल्ट फिरवून जी काढता येते, तेवढीच चूक असू शकेल अशी रचना मला हवी होती. उत्तम रचना अंदाजे बांधण्यापेक्षा साधी रचना नेमकी बांधलेली बरी, असे मी एकदा ठरवले आणि मग प्रत्येक पर्यायाला त्याच मापाने मोजत गेलो.

त्या मापात काही पर्याय लगेच गळले. चाकाचा दांडा डिफरन्शिअलपाशी एकदाच मुडपणारा स्विंग अ‍ॅक्सल फोक्सवॅगन बीटलने जगभर फिरवला आणि शेव्हरोले कॉर्व्हेअरने १९६० नंतर बदनाम केला. वेगाने वळताना बाहेरचे चाक पोटाखाली दुमडायला लागते आणि गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो. त्याच्यावर आणखी शाई खर्च करण्याचे कारण नाही.

स्ट्रटचा, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या उभ्या खांबाचा, मोह मात्र मोठा होता, कारण तो सगळ्यांत स्वस्त होता. पुढून चालणाऱ्या एखाद्या छोट्या मारुतीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचे मॅकफर्सन स्ट्रट असे सगळे एकत्र उचलायचे आणि चालकाच्या पाठीमागे ठेवायचे, म्हणजे मध्यभागी इंजिन असलेली गाडी जवळजवळ फुकटात पदरात पडते. पाँटियाक फिएरोने १९८४ साली नेमके हेच केले होते. शेव्हरोले सायटेशन या पुढून चालणाऱ्या गाडीचे पुढचे सस्पेन्शन त्यांनी मागे लावले. स्टिअरिंग नसल्यामुळे टाय-रॉडची, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्यांची, टोके त्यांनी सरळ चौकटीला बांधून टाकली. खोच तिथेच आहे. मूळ गाडीत टाय-रॉडचे आतले टोक स्टिअरिंग रॅकच्या जागेवर असते आणि ती जागा खालच्या भुजेशी जुळवून ठरवलेली असते. आपण ते टोक सोयीच्या ब्रॅकेटवर नेऊन बांधले की चाक वरखाली होताना टाय-रॉड एका वर्तुळात फिरतो, भुजा दुसऱ्या वर्तुळात, आणि त्या दोन वर्तुळांतला फरक चाकाच्या दिशेत उतरतो. प्रत्येक खड्ड्यागणिक मागची चाके आपोआप थोडी थोडी वळणार. ही चूक गाडी उभी असताना दिसत नाही, हे तिचे वैशिष्ट्य. स्प्रिंग काढून, चाक हाताने जॅकवर वरखाली करत, दर दहा मिलिमीटरला मोजावे तेव्हाच ती पकडता येते. शिवाय स्ट्रट उंच असतो, त्याचे वरचे टोक गाडीची शेपटी वर उचलते, आणि माझ्या डोळ्यांसमोरच्या बसक्या गाडीचा पार टेम्पो होतो. टेम्पोची उपमा भाच्याने दिली होती, ती इथे जास्त शोभली असती.

टाटा नॅनोने मला त्याहून जास्त काळ थांबवून ठेवले. २००९ साली विक्रीला आलेली ही गाडी स्वस्त म्हणून इतकी गाजली की तिची रचना कोणी नीट पाहिलीच नाही. इंजिन मागे, जोर मागच्या चाकांना, मागे तिरक्या खिळीवर झुलणाऱ्या भुजांचे स्वतंत्र सस्पेन्शन, आणि मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद, पुढे १३५ आणि मागे १५५. हा मजकूर गाडीचे नाव झाकून वाचला तर जर्मन स्पोर्ट्‌स कारचा वाटेल. अशा तिरक्या भुजा बीएमडब्ल्यूने १९६२ च्या १५०० या गाडीत आणल्या आणि पुढे कित्येक वर्षे जपल्या. भुजेची खिळ तिरकी असल्यामुळे चाक वर गेले की ते आत कलते, ही चांगली गोष्ट; पण त्याच वेळी त्याची दिशाही बदलते, आणि भर वळणात पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून एकदम उचलला की अशा गाड्यांची शेपूट बाहेर जाण्याची खोड त्यातूनच येते. मोडीतल्या नॅनोचा अख्खा मागचा भाग आणून त्यापुढे आपली चौकट जोडावी, हे स्वप्न मी बरेच दिवस पाहिले. शेवटी ६२४ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन माझ्या घरातल्या ईकोच्या इंजिनासमोर कमी पडले, आणि आधी घेतलेले इंजिन विकून नवे प्रकरण सुरू करण्याची माझी तयारी नव्हती. पण एखाद्याने शून्यापासून सुरुवात करायची असेल, तर मी त्याला नॅनो आधी पाहायला सांगेन.

द दियाँ रचनेवर मन बसले होते. त्यात दोन्ही चाके एका नळीने जोडलेली असतात, म्हणून ती एकमेकांशी आणि रस्त्याशी ताठ राहतात. डिफरन्शिअल मात्र चौकटीला टांगलेले असते, म्हणून त्याचे ओझे चाकांबरोबर उडत नाही. दोन्ही जगांतले चांगले तेवढे घेतलेली ही रचना द दियाँ यांच्या कारखान्यात १८९० च्या दशकात शार्ल त्रेपार्दू यांनी केली. गंमत म्हणजे हे गृहस्थ वाफेच्या इंजिनाचे इतके कट्टर होते की कारखाना पेट्रोलकडे वळल्यावर ते तिथून बाहेर पडले, आणि त्यांची नळी पुढे रोव्हर पी-६ मध्ये १९६३ साली आणि अल्फा रोमिओ अल्फेटामध्ये १९७२ साली पेट्रोलवरच धावली. माझी अडचण डिफरन्शिअलची झाली. आपल्याकडच्या मागून चालणाऱ्या बहुतेक स्वस्त गाड्यांना सलग अ‍ॅक्सलच आहे, आणि चौकटीला टांगता येईल असे सुटे डिफरन्शिअल शोधायला गेले की परदेशी महागड्या गाड्यांच्या मोडीपाशी जावे लागते. ते मिळते, पण दोनशे अश्वशक्तीसाठी घडवलेले असते, अवजड असते, आणि त्याला जुळणारे हाफशाफ्ट, म्हणजे डिफरन्शिअलपासून चाकापर्यंतचे फिरते दांडे, पुन्हा कापून-जोडून करावे लागतात. फिरणारा शाफ्ट कापून वेल्ड करण्याच्या कल्पनेने मिस्त्रींनी कानाला हात लावला.

उरला तो भाच्याने टेम्पोसाठी राखून ठेवलेला सलग अ‍ॅक्सल. नाशिकमध्ये त्याला परका म्हणणे अवघड आहे. सातपूरला महिंद्राचा कारखाना असल्यामुळे बोलेरो आणि स्कॉर्पिओचे अ‍ॅक्सल उघडून पुन्हा बसवलेले हात या शहरात गल्लोगल्ली सापडतात. बोलेरोचा अ‍ॅक्सल माझ्या गाडीला फारच जड झाला असता. ईकोचा मात्र इंजिनाच्या घरचाच होता. दोन मागच्या चाकांमधले अंतर १,२९० मिलिमीटर, जे मला हवे होते जवळजवळ तेवढेच. चाक १३ इंची. सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात. आणि या कल्पनेला एक प्रतिष्ठित साक्षीदारही सापडला. लोटस सेव्हनचा वारसा चालवणाऱ्या केटरहॅम कंपनीने सेव्हन १६० ही आपली हलकी गाडी काढली, तेव्हा तिच्यात ६६० सीसी वर्गातले सुझुकीचे इंजिन, सुझुकीचा गिअरबॉक्स आणि मागे सुझुकीचाच सलग अ‍ॅक्सल घातला. हे दाखवल्यावर भाचा दोन दिवस टेम्पो हा शब्द बोलला नाही.

अ‍ॅक्सल एका शाळेच्या जुन्या व्हॅनचा मिळाला. भंगारवाल्याकडे तो तेलकट मातीत पालथा पडलेला होता, पिनियनच्या, म्हणजे डिफरन्शिअलमध्ये जोर आत नेणाऱ्या गिअरच्या, सीलभोवती काळा चिकट थर, ब्रेक ड्रम गंजून शूला चिकटलेले. मिस्त्रींनी आधी पिनियनचा फ्लँज हाताने मागेपुढे हलवून क्राऊन-पिनियनमधली मोकळीक पाहिली, मग भरणीचा बोल्ट काढून आतले तेल बोटावर घेतले आणि उन्हात धरले. तेलात बारीक चमक असेल तर दात झिजत आहेत असे समजायचे. तेल काळे होते, पण चमक नव्हती. घरी आणल्यावर अ‍ॅक्सल दोन घोड्यांवर ठेवला, दोन्ही बाजूंना चाके लावली आणि दोन रिमांमधले अंतर पुढच्या आणि मागच्या कडेला, हबच्या उंचीवर, मोजले. सरळ अ‍ॅक्सलमध्ये ही दोन मापे सारखी यायला हवीत. वर्षानुवर्षे क्षमतेबाहेर मुले कोंबलेल्या व्हॅनची नळी वाकलेली असेल, तर ती इथे उघडी पडते. चाके अर्धा वळसा फिरवून पुन्हा मोजले, म्हणजे रिमची वक्रता हिशेबातून निघून जाते. फरक मिलिमीटरच्या आत होता. दहा खिळींच्या रचनेत जे सिद्ध करायला मला महिने लागले असते, ते इथे एका मोजपट्टीने चहा गार व्हायच्या आत सिद्ध झाले.

सलग अ‍ॅक्सलचे दोष मी झाकून ठेवत नाही. तो खांद्यावरच्या कावडीसारखा आहे; एका टोकाला धक्का बसला की दुसरे टोक हललेच. एक चाक ५० मिलिमीटरच्या उंचवट्यावर चढले, तर १,२९० मिलिमीटरच्या अंतरात दोन्ही चाके सव्वादोन अंशांच्या आसपास कलतात. बागेतल्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या एका चाकोरीत खड्डे आहेत आणि दुसरी सपाट आहे, तिथे हे चांगलेच जाणवणार. त्याहून मोठा दोष वजनाचा. चाके, ड्रम आणि डिफरन्शिअल धरून माझ्याकडचा अ‍ॅक्सल ८० किलोच्या आसपास भरतो. सात-आठ माणसे भरलेल्या व्हॅनखाली हे ओझे किरकोळ आहे. माझ्या गाडीच्या मागच्या अर्ध्या भागात स्प्रिंगवर तरंगणारे वजन जेमतेम २४० किलो असणार, म्हणजे उडणारे वजन त्याच्या एक तृतीयांश. खडबडीत रस्त्यावर शॉकअपची खरी परीक्षा इथे आहे. आणखी एक दोष असा की इंजिनाचा पीळ प्रोपेलर शाफ्टमधून, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या फिरत्या दांड्यातून, अ‍ॅक्सलवर येतो आणि जोरात निघताना उजव्या मागच्या चाकावरचा भार हलका करतो. यावर निसर्गाने नव्हे, पण आपल्या वाहतुकीच्या नियमांनी एक उतारा दिला आहे: आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. एकट्याने चालवताना माझे वजन नेमके हव्या त्या चाकाजवळ असते, आणि हे वजन कमी करावे असे घरचे म्हणतात तेव्हा मी हा मुद्दा पुढे करतो.

अ‍ॅक्सल ठरल्यावर त्याला धरायचे कसे हे ठरवावे लागले, आणि माझ्या मते निवडीचा खरा अवघड भाग हाच होता. ओम्नीसारखे पाटे ठेवणे सर्वांत सोपे. पाटा वजन पेलतो आणि अ‍ॅक्सलला जागेवरही धरतो. पण तो दोन्ही कामे अर्धवट करतो, जोर लावला की इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो आणि अ‍ॅक्सल थडथडू लागतो. म्हणून प्रत्येक बाजूला वर एक आणि खाली एक असे चार लांब दांडे, आणि आडवा सरकू नये म्हणून पाचवा आडवा दांडा, म्हणजे पॅनहार्ड रॉड, अशी रचना केली. वरचा आणि खालचा दांडा सारख्या लांबीचा आणि समांतर असेल, तर अ‍ॅक्सल वरखाली होताना पिनियनचा कोन बदलत नाही आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस सुखाने फिरतात. गाडी कलतानाही दोन्ही बाजू अ‍ॅक्सलला परस्परविरुद्ध पीळ देत नाहीत. दांड्यांचा उतार हा वादाचा विषय झाला. पुढचे टोक उंच ठेवले तर जोर लावताना गाडीची शेपूट बसत नाही, हा फायदा भाच्याला हवा होता. पण अशा दांड्यांमुळे गाडी कलली की बाहेरचे चाक मागे आणि आतले पुढे सरकते, म्हणजे संपूर्ण अ‍ॅक्सल वळणाच्या बाहेर तोंड करतो आणि शेपूट आणखी बाहेर जाते. मी दांडे सपाट ठेवले. हातात स्टिअरिंग नसलेल्या चाकांनी स्वतःच्या मनाने वळू नये, हा सुरुवातीचा आग्रह मला इथे सोडायचा नव्हता.

पॅनहार्ड रॉडविषयी बरेच गैरसमज ऐकले. तो वर्तुळात फिरतो, म्हणून गाडी खड्ड्यात बसली की अ‍ॅक्सल बाजूला सरकतो, हे खरे. पण किती सरकतो हे कोणी मोजत नाही. माझा दांडा ९०० मिलिमीटर लांब आणि नेहमीच्या उंचीला आडवा आहे. अ‍ॅक्सल ५० मिलिमीटर वर गेला तर तो बाजूला सरकतो १.४ मिलिमीटर, ७५ मिलिमीटर गेला तरी तीनच्या थोडे वर. टायरची भिंत याहून जास्त वाकते. हे टाळण्यासाठी वॉट लिंकेज लावावे, असे भाच्याने सुचवले. जेम्स वॉट यांनी १७८४ साली वाफेच्या इंजिनासाठी केलेल्या सरळ रेषेच्या जुळणीतून ते आले आहे, आणि आपल्या सगळ्या शोधांत याच जुळणीचा त्यांना सर्वाधिक अभिमान होता. ते सुंदर आहे यात वाद नाही. पण दोन सांध्यांच्या जागी पाच सांधे, मध्ये फिरणारी एक पट्टी, आणि ती नेमकी माझ्या पेट्रोलच्या टाकीच्या जागेत. दीड मिलिमीटर वाचवण्यासाठी मी टाकी हलवली नाही.

स्प्रिंगचा हिशेब त्यामानाने सरळ निघाला. मागच्या एका बाजूला १२० किलो आणि सेकंदाला १.८ हेलकावे धरले, की स्प्रिंग मिलिमीटरला सुमारे १५ न्यूटन एवढी मऊ निघते. व्हॅनची मूळ स्प्रिंग माझ्या गाडीखाली ठेवली असती तर ती हललीही नसती. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते. माझ्या दोन स्प्रिंगांमधले अंतर ९०० मिलिमीटर आहे आणि चाकांमधले १,२९०. सरळ खड्ड्यात स्प्रिंग पूर्ण ताकदीने काम करते, पण गाडी कलते तेव्हा त्या अंतरांच्या गुणोत्तराचा वर्ग आड येतो आणि तिची ताकद निम्म्यावर येते. म्हणून स्प्रिंग शक्य तितक्या बाहेर सरकवल्या आणि टायरला घासणार नाहीत एवढीच फट ठेवली.

चारही दांड्यांच्या एका टोकाला आटे आहेत, त्यामुळे अ‍ॅक्सलची दिशा बोल्टने जुळवता येते. गाडीच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या मध्यरेषेला समांतर, अशा दोन दोऱ्या ताणून आम्ही रिमपर्यंतची अंतरे मोजली. वेल्डिंगने एक ब्रॅकेट दोन मिलिमीटर मागे ओढला गेला होता. दांड्यांच्या जोडीमधले अंतर एक मीटर धरले तर ही चूक अंशाच्या नवव्या भागाएवढी होते, आणि ती काढायला एका बाजूचा वरचा आणि खालचा दांडा सारखाच फिरवावा लागला. भाचा पाना घेऊन गाडीखाली होता, मिस्त्री दोरीपाशी, आणि मी आकडे लिहीत होतो.

आता मतभेद उरला आहे तो पॅनहार्ड रॉडच्या उंचीचा. ज्या उंचीवर तो गाडीची मध्यरेषा ओलांडतो, तिथेच मागच्या बाजूचा कलण्याचा बिंदू असतो. दांडा वर नेला की वळणावर मागच्या बाहेरच्या चाकावर जास्त भार जातो आणि शेपूट मोकळी होते. दोन्ही टोकांच्या ब्रॅकेटला जमिनीपासून २००, २३० आणि २६० मिलिमीटरवर अशी तीन-तीन भोके पाडली आहेत. मी बोल्ट सर्वांत खालच्या भोकात घातला आहे, भाच्याला तो मधल्या भोकात हवा आहे, आणि मिस्त्रींचे म्हणणे असे की कोणत्याही भोकात घाला, पण आधी चाकात आणि दांड्याच्या टोकात दोन बोटे फट आहे का ते स्प्रिंग काढून एकदा पाहून घ्या.